वांकडें पाऊल

आपल्या भाषेनें पावलास नीतिशास्त्रांत फारच लवकर ओढलें आहे. एखाद्या तरुणाच्या हातून गैर वर्तन घडलें म्हणजे त्याचें पाऊल वांकडें पडलें असें आपण म्हणतों. नवी सून घरांत आली आणि भरभराट झाली तर तिचा पायगुण चांगला. म्हैस आटली तर तोच पायगुण वाईट. पूर्वीं मुलगी पाहावयास गेलेली मंडळी तिचें नांव विचारीत, हस्ताक्षर पाहत, आणि अखेर “जरा चालून दाखव, बाळ,” म्हणत. तिचें चालणें कां पाहावयाचें हें कोणी उघड बोलत नसे, पण ठाऊक सर्वांस असे. अशा भाषेंत आणि अशा चालीरीतींत वाढलेल्या घरीं एखादें मूल खरोखरच वांकडें पाऊल घेऊन जन्मास आलें, म्हणजे त्या चिमुकल्या पावलावर केवढें ओझें येऊन पडतें, हें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें. तें येथें सांगावयाचें आहे. सांगतांना आमच्या हातून घडलेली एक चूक लपवावयाची नाहीं. किंबहुना तिच्यासाठींच हा लेख लिहावयास घेतला आहे.

आमचें घर साताऱ्याचें. तिघां भावांचे संसार एका छपराखालीं. चूल एक, देव्हारा एक, मतें मात्र माणसागणिक निराळीं. मातोश्री आतां नव्वदी ओलांडून गेल्या आहेत, आणि त्यांचा शब्द अजूनही घरांत शेवटचा समजला जातो. २०१८ सालीं श्रावणांत आमच्या चिरंजिवांस पहिला पुत्र झाला. बाळ वजनदार, जावळ दाट, रडणें खणखणीत. परंतु उजवें पाऊल घोट्यापासून आंत वळलेलें, टांच वर ओढलेली, आणि तळवा आईच्या तोंडाकडे पाहत असल्यासारखा. पांचव्या महिन्याच्या सोनोग्राफींत हें व्यंग पुष्कळदां दिसून येतें. आमच्या बाबतींत तें दिसलें नव्हतें. त्यामुळें कोणाच्याच मनाची तयारी नव्हती.

सुईणीचें काम आतां रुग्णालयांकडे गेलें असलें, तरी सुईणीची जीभ नात्यागोत्यांत शिल्लक आहे. बारा दिवसांच्या आंत प्रश्न आलाच : “आषाढी पौर्णिमेच्या ग्रहणांत कांहीं चिरलें-कातरलें होतेंस का ग?” त्या वर्षीं २७ जुलैच्या रात्रीं खग्रास चंद्रग्रहण होतें. तें पाहावयास आम्ही मध्यरात्रीं गच्चीवर बसलों असतां, सूनबाईनें आमच्यासाठीं सुपारी कातरून वर पाठविली होती. ढगांमुळें ग्रहण कोणास दिसलें नाहीं. अडकित्ता मात्र सर्वांस दिसला होता. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. भिंतीकडे तोंड करून बाळास पाजीत राहिली. आमच्या घरांत पदवीधर माणसें सात आहेत. त्यांतील एकाच्याही तोंडून त्या क्षणीं “हें खोटें आहे” एवढे तीन शब्द निघाले नाहींत. सुपारी आम्हीं खाल्ली होती. तरी आम्हीही गप्प राहिलों.

पंधराव्या दिवशीं बाळास पुण्यास एका अस्थितज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे नेलें. मातोश्री हट्टानें गाडींत बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनीं आधीं पाऊल पाहिलें नाहीं, सूनबाईचा चेहरा पाहिला, आणि कोणीं कांहीं विचारण्यापूर्वींच सांगितलें, “यांत तुमचें कांहीं चुकलेलें नाहीं.” मग त्यांनीं सर्व नीट समजावून दिलें. या व्यंगास क्लबफूट म्हणतात. साधारणपणें हजार जन्मांमागें एका मुलास तें असतें. मुलग्यांत त्याचें प्रमाण मुलींच्या सुमारें दुप्पट. आणि जवळजवळ निम्म्या मुलांत दोन्ही पावलें वांकडीं असतात. पाऊल वळतें तें गर्भाचा पांचवा महिना संपण्यापूर्वींच. ग्रहणाच्या रात्रीं सूनबाईस नववा लागलेला होता. म्हणजे पंचांगाच्याच हिशेबानें ग्रहण निर्दोष सुटलें, आणि अडकित्ताही.

“तुमच्या घरांत पूर्वीं कोणाला असें होतें का?” डॉक्टरीणबाईंनीं विचारलें. आम्ही “नाहीं” असें म्हणत होतों, तोंच मागें बसलेल्या मातोश्री म्हणाल्या, “आक्काला होतें.”

आक्का म्हणजे आमची थोरली आत्या. आमच्या लहानपणीं ती आमच्याच घरीं असे. चालतांना तिच्या उजव्या पावलाची बाहेरची कड जमिनीस टेके, आणि त्या कडेवर टांचेवर पडतो तसा जाड घट्टा पडलेला होता. पाटावर बसतांना ती तें पाऊल लुगड्याच्या निऱ्यांखालीं ओढून घेई. लग्नकार्यांत ती माजघर सोडून पुढें येत नसे. तिचें स्वतःचें लग्न झालें नाहीं. आम्हां मुलांस वाटे कीं, आक्काला माजघरच आवडतें. जिच्या हातचें आम्ही इतकीं वर्षें जेवलों, तिचें पाऊल आम्हीं असें विसरून टाकलें होतें कीं, तोच दोष परक्या घरून आलेल्या मुलीच्या माथीं मारावयास आम्ही मोकळे झालों होतों. डॉक्टरीणबाई म्हणाल्या कीं, एवढ्या दूरच्या नात्यावरून निश्चित कांहीं सांगतां येत नाहीं; पण या व्यंगांत आनुवंशिकतेचा भाग असतो खरा. आम्हांस तेवढें पुरें होतें. परततांना गाडींत आम्हीं सूनबाईची क्षमा मागितली. “अहो बाबा, हें काय,” एवढेंच ती म्हणाली, आणि मग खंबाटकीचा घाट उतरेपर्यंत तिचे डोळे खळले नाहींत.

उपचार कळले तेव्हां आम्हांस नवल वाटलें. मोठी शस्त्रक्रिया होईल अशी आमची कल्पना होती. परंतु तान्ह्या बाळाचे स्नायुबंध लवचीक असतात, आणि सारें काम त्या लवचीकपणावरच होतें. दर आठवड्यास डॉक्टर पाऊल हातानें हलकेंच थोडेंसें वळवीत, आणि तेवढें वळण टिकावें म्हणून बोटांपासून जांघेपर्यंत प्लॅस्टर घालीत. गुडघा काटकोनांत ठेवीत. पुढच्या आठवड्यास तें भिजवून काढावयाचें, आणखी थोडें वळवावयाचें, पुन्हां प्लॅस्टर. पाऊल हळूहळू बाहेर आणावयाचें आणि टांच सर्वांत शेवटीं उतरवावयाची, हा क्रम. उतावळेपणा केला तर काम बिघडतें. बहुधा अशीं पांच-सहा प्लॅस्टरें लागतात. आमच्या बाळास सहा लागलीं. दर बुधवारीं साताऱ्याहून पुण्यास जाणें हें घराचें व्रत झालें. बाळाच्या पायाचीं बोटें गुलाबी आहेत ना, थंड किंवा निळीं पडलीं नाहींत ना, हें घटकेघटकेला पाहण्याचें काम मातोश्रींनीं मागून घेतलें. बहुतेक मुलांत प्लॅस्टरनें टांच पुरती उतरत नाहीं. तेव्हां जागा बधिर करून टांचेमागची जाड शीर बारीक पात्यानें छेदतात. मग अखेरचें प्लॅस्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यांत ती शीर नव्या लांबीनें पुन्हां सांधून येते. कार्तिकांत तें शेवटचें प्लॅस्टर निघालें, आणि आंतून जें पाऊल बाहेर आलें तें पाहून मातोश्रींनीं बाळाची दृष्ट काढली.

या पद्धतीस पोन्सेटी पद्धत म्हणतात. इग्नासिओ पोन्सेटी यांचा जन्म १९१४ सालीं स्पेनच्या मिनोर्का बेटावर झाला. वडील घड्याळें दुरुस्त करीत, आणि मुलानेंही त्या दुकानांत हात चालविला होता. बारीक चाकें बळानें बसवावयाचीं नसतात, हा धडा तेथें मिळाला असेल तर नवल नाहीं. स्पेनच्या यादवी युद्धांत त्यांनीं जखमी सैनिकांची शुश्रूषा केली, युद्ध हरल्यावर देश सोडला, आणि मेक्सिकोमार्गें १९४१ सालीं ते अमेरिकेंत आयोवा येथें आले. लहानपणीं शस्त्रक्रियेनें सरळ केलेलीं पावलें मोठेपणीं ताठर व दुखरीं होतात, हें तेथें त्यांच्या ध्यानांत आलें, आणि त्यांनीं ही हातांनीं वळविण्याची रीत बसविली. १९६३ सालीं तिची माहिती त्यांनीं छापून प्रसिद्ध केली. परंतु शस्त्रक्रियेच्या मोहांत पडलेल्या वैद्यकानें पुढें तीसएक वर्षें तिच्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. १९९५ सालीं त्यांच्या जुन्या रुग्णांची तपासणी प्रसिद्ध झाली. तेव्हां त्यांचें सरासरी वय चौतीस होतें, आणि शेंकडा ७८ जणांचीं पावलें चांगलीं किंवा उत्कृष्ट ठरलीं. जन्मतः निर्दोष पावलें असलेल्या लोकांस हीच कसोटी लावली असतां हा आंकडा शेंकडा ८५ आला. यानंतर जग वळलें. पोन्सेटी २००९ सालीं पंचाण्णवाव्या वर्षीं वारले.

या पद्धतीचा अर्धाच भाग हातांचा आहे. उरलेला अर्धा जोड्याचा आहे. ही गोष्टही नवी नव्हे. इसवी सनापूर्वीं सुमारें चारशें वर्षें ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसाच्या परंपरेंत हेंच सांगितलें आहे : पाऊल कोंवळेपणींच हळुवार वळवावें, पट्ट्या बांधाव्या, आणि सरळ झाल्यावर तें पुन्हां वळूं नये म्हणून खास पादत्राण घालावें. कारण असें कीं, पाऊल सरळ झालें तरी ज्या ओढीनें तें वांकडें झालें होतें, ती ओढ पुढें चार-पांच वर्षें अंगांत राहते. हात पाऊल सरळ करतो. जोडा तें सरळ ठेवतो.

तो जोडा आमच्या घरीं आला. दोन इवलेसे बूट, आणि त्यांस जोडणारी, बाळाच्या खांद्यांच्या रुंदीएवढी दांडी. वांकड्या पायाचा बूट तिच्यावर सुमारें सत्तर अंश बाहेर फिरविलेला, चांगल्या पायाचा सुमारें चाळीस. टांच आंत नीट खालीं बसली कीं नाहीं हें दिसावें म्हणून मागें दोन भोंकें. पहिले तीन महिने दिवसांतून तेवीस तास, म्हणजे अंघोळीपुरती सुटी. त्यानंतर रात्रीं व दुपारच्या झोंपेंत मिळून बारा ते चौदा तास. आणि हें वय चार-पांच वर्षें होईपर्यंत.

आतां आमच्यासारख्या घराची अडचण वाचकांच्या ध्यानांत आलीच असेल. आमच्याकडे जोडे उंबऱ्याबाहेर राहतात. आणि हे चामड्याचे बूट पाळण्यांत, अंथरुणांत, आजीच्या मांडीवर! पहिल्याच संध्याकाळीं दिवा लावल्यावर बाळास देवापुढें ठेवावें कीं न ठेवावें, असा प्रश्न पडला. एक काकू म्हणाल्या, तेवढ्यापुरते काढावे. चिरंजीव म्हणाले, तास मोजलेले आहेत. सर्वांच्या दृष्टि मातोश्रींकडे वळल्या. त्यांनीं पुढें होऊन एका बुटावर हात ठेवला, दांडी चांचपून पाहिली, आणि म्हणाल्या, “हा जोडा कुठला? हे ह्याच्या पायांतले वाळे. वाळे घालून मूल देवापुढें येतेंच.” शास्त्रार्थास जागाच उरली नाहीं. त्या दिवसापासून आमच्या घरांत त्यांस वाळे हेंच नांव पडलें.

परंतु खरी परीक्षा सोंवळ्याची नव्हती, मायेची होती. तेवीस तासांचे तीन महिने उत्तम पार पडले, कारण तेव्हां सर्वांच्या मनांत भीति ताजी होती. बाळ तेरा महिन्यांचें झालें, दोन्ही पावलें टेकून दुडदुडूं लागलें, आणि आमची भीति गेली. पाऊल सरळ दिसूं लागलें कीं बूट क्रूर दिसूं लागतात. २०१९ च्या दिवाळीनंतर सूनबाई नोकरीच्या शिक्षणासाठीं दोन महिने मुंबईस राहिली. चिरंजिवांचें काम फिरतीचें. तेव्हां बाळाच्या रात्री आमच्या वांट्यास आल्या. निजतेवेळीं बूट चढवूं लागलें कीं तो ओठ काढी आणि नुकत्याच आलेल्या दोन शब्दांनिशीं म्हणे, “आबा, काढ.”

आम्हीं ते काढले. पहिल्या रात्रीं तो झोंपल्यावर पुन्हां घालूं असें ठरविलें होतें. पण झोंपलेलें मूल कोण जागें करणार? पहांटे, घर उठण्यापूर्वीं, आम्हीं ते हळूच चढवून ठेवले. आमच्या कुटुंबानें तें पाहिलें आणि पाहून न पाहिल्यासारखें केलें. म्हणजे तीही यांत आली. मग तें रोजचेंच झालें. एका रात्रीनें काय होतें, असें आम्ही मनाशीं म्हणत असूं. एका रात्रीनें खरोखरच कांहीं होत नाहीं. परंतु अशा पन्नासएक रात्री आम्हीं एकेक करूनच मोजल्या होत्या.

जानेवारी २०२० मध्यें सूनबाई परतली. बाळ तिच्याकडे धांवत आलें, आणि तिनें त्याला उचलण्याऐवजीं खालीं वांकून पाहिलें. “बाबा, ह्याची टांच टेकत नाहीं,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां पुण्यास त्याच खोलींत बसलों होतों. डॉक्टरीणबाईंनीं विचारलें, “बूट रोज रात्रभर असतात ना?” सूनबाई अगदीं खात्रीनें म्हणाली, “हो, रोज.” डॉक्टरीणबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण तें उत्तर त्यांस पटलें नाहीं हें स्पष्ट दिसलें. गप्प बसणें आम्हांस सोपें होतें. दीड वर्षापूर्वीं सुपारीच्या वेळीं आम्ही गप्प बसलों होतों, आणि दोष आपोआप त्याच मुलीकडे गेला होता. आतांही गेला असता. आम्ही म्हणालों, “बूट आम्ही काढीत होतों.”

कोणीं आम्हांस दोष दिला नाहीं. दिला असता तर बरें वाटलें असतें. डॉक्टरीणबाई एवढेंच म्हणाल्या, “पाऊल परत वळण्याचें सर्वांत मोठें कारण हेंच. आईबाप कंटाळून काढतात, आजीआजोबा दया येऊन काढतात. पावलाला फरक कळत नाहीं.”

पुन्हां तीन प्लॅस्टरें लागलीं. तान्हेपणीं प्लॅस्टरमध्यें बाळ निवांत झोंपत असे. आतां धांवायला शिकलेलें मूल गुडघ्यांत वांकविलेला जड पाय घेऊन दाराशीं बसे आणि अंगणांतल्या मुलांकडे पाही. त्याच दिवसांत एके रात्रीं मातोश्रींनीं आम्हांस जवळ बसवून आक्काची उरलेली गोष्ट सांगितली. आक्का तान्ही असतां तिच्या वडिलांनीं एक हाडवैद्य आणला होता. त्यानें पायास बांबूच्या कामट्या बांधल्या, आणि महिनाभर सोडूं नका म्हणून बजावलें. पोर रात्रभर रडली. तिच्या आईच्यानें तें ऐकवेना. तिनें पहांटे कामट्या सोडल्या, आणि पुन्हां कोणीं बांधल्या नाहींत. त्या कामट्यांनीं पाय बरा झालाच असता असें कोणी म्हणूं शकणार नाहीं. परंतु आक्का म्हातारपणीं मातोश्रींपाशीं म्हणाली होती, “वहिनी, आईनें एका रात्रीची दया केली, ती मला जन्मभर पुरली.”

यानंतर आमच्या घरीं बूट सुटले नाहींत. मार्चमध्यें टाळेबंदी आली. पुण्यास जातां येईना. डॉक्टरीणबाई दूरध्वनीवर पावलाचीं छायाचित्रें पाहून सूचना देत. जें आम्ही शिकलों तें ज्यांच्या घरीं असें मूल आहे त्यांच्यासाठीं लिहितों. बूट घालण्याची वेळ एकच ठेवावी. दांत घासण्याविषयीं जशी मुलाशीं घासाघीस करीत नाहीं, तशी येथेंही करूं नये. मोजा सुती असावा आणि त्यास सुरकुती नसावी. मधला पट्टा आधीं आवळावा, आणि टांच खालीं बसल्याचें मागच्या भोंकांतून पाहावें. दांडी धरून दोन्ही पाय एकदम उचलण्याचा व वांकविण्याचा खेळ मुलाशीं खेळावा; एकदां दोन्ही पाय बरोबर हलवितां येऊं लागले कीं निम्मी चिडचिड जाते. मूल रडूं लागलें तर पाऊल उघडून पाहावें. लाल डाग किंवा फोड असेल तर लगेच डॉक्टरांस दाखवावें. नसेल तर बूट पुन्हां घालून मुलाला उचलावें, थोपटावें, गाणें म्हणावें, रात्रभर मांडीवर घ्यावें. मायेला इतक्या वाटा मोकळ्या आहेत. पट्टा सोडण्याची वाट मात्र तिची नव्हे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमचें पाहून शेजारच्या एका गृहस्थांनीं आपल्या चार वर्षांच्या मुलीसाठीं महागडे खास बूट आणले. तिचे तळवे सपाट, ओल्या पायाचा ठसा फरशीवर भरीव उमटे. परंतु लहान मुलांचे तळवे सपाट असणें हें स्वाभाविकच आहे. कमान बहुधा पुढें वयाबरोबर येते. १९८९ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत अशा मुलांस तीन वर्षें खास बूट व आधार देऊन पाहिले. साधे जोडे घालणाऱ्या मुलांच्या पावलांहून त्यांच्या पावलांत फरक पडला नाहीं. १९९२ सालीं आपल्याच देशांतील दोघां अस्थितज्ज्ञांनीं चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. जोडे वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलें शेंकडा ८.६ निघालीं, तर अनवाणी फिरणाऱ्यांत शेंकडा २.८. दुखत नसलेल्या, लवचीक, सपाट पावलास अंगणासारखें औषध नाहीं. दुखत असेल किंवा ताठर असेल तर मात्र दाखवावें. बूट हवेत तेथें दया नको, आणि नकोत तेथें बुटांचा हट्टही नको.

तिसरा धडा आमच्याच पावलानें दिला. आम्हांस बारा वर्षांचा मधुमेह. तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, घरांतही अनवाणी हिंडूं नका, मऊ सच्छिद्र रबराच्या एम.सी.आर. चपला घाला, असें डॉक्टरांनीं कधींच सांगितलें होतें. आम्हीं तें वर्षभर टाळलें. घरांत चपला कशा घालाव्या? नातू रोज रात्रीं निमूट पाय पुढें करतो असें पाहूं लागलों, तेव्हां लाज वाटली. चपला आणल्या. मातोश्रींकडे पाहिलें, तर त्या म्हणाल्या, “तुझेही वाळेच समज.”

हें लिहिण्यांत हेतु एवढाच कीं, अशीं पावलें अजून लपविलीं जातात. कोणी तेल चोळून वाट पाहतो, कोणी नवस बोलतो, कोणी ‘मोठा झाला म्हणजे सुधारेल’ म्हणतो. क्लबफूट आपण होऊन सुधारत नाहीं, आणि पहिले आठवडे सोन्याच्या मोलाचे असतात. खर्चाचेंही कारण उरलेलें नाहीं. फेब्रुवारी २०१३ मध्यें पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत ज्या जन्मजात व्यंगांची तपासणी व मोफत उपचार ठरविले आहेत, त्यांत हेंही आहे. जिल्हा रुग्णालयांत विचारावें. आणि घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं दोन गोष्टी कराव्या : बाळाच्या आईस कोणी ग्रहणाचा प्रश्न विचारण्यापूर्वीं स्वतः उत्तर द्यावें, आणि बुटांच्या रात्रीं आपले हात मागें बांधून ठेवावे.

नातू आतां शाळेंत जातो. त्याचें उजवें पाऊल डाव्याहून किंचित् लहान आहे आणि पोटरी थोडी बारीक. ती तशीच राहील, असें आम्हांस आधींच सांगितलेलें आहे. धांवतांना तें कोणास ओळखूं येत नाहीं. बूट २०२३ च्या दसऱ्याआधीं सुटले. खंडेनवमीस आमच्याकडे पाटावर अवजारें मांडून पूजा होते : कोयता, विळी, चिरंजिवांचा संगणक, सूनबाईची लेखणी. त्या वर्षीं मातोश्रींनीं त्यांत ते बूट आणून ठेवले, दांडीसकट, अडकित्त्याशेजारीं, आणि त्यांवर झेंडूचें फूल वाहिलें. दसरा झाल्यावर सूनबाई ते पुसून पुण्यास घेऊन गेली. तेथें त्याच खोलीबाहेर एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसली होती. बूट तिच्या हातीं दिले. मातोश्रींचा निरोप सूनबाईनें जसाच्या तसा सांगितला : रडली तर मांडीवर घ्या, पण काढूं नका.